१३ वर्षांच्या मुलीसाठी सर्फबोर्ड कोणता? (लाटा लहान-मध्यम, मुक्काम पुणे)

चकलीताई
नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय. आधीच सांगून टाकते: आम्ही कोथरूडला राहतो, आणि पुण्याला समुद्र नाही हे आम्हाला ठाऊक आहे.

लेक १३ वर्षांची. उंची बरोबर ५ फूट, वजन ४१ किलो. माझी बहीण मंगळुरूला असते, त्यामुळे गेली तीन वर्षं मे महिना तिकडे आणि जमेल त्या सकाळी मुलकीला सर्फिंग. पहिल्या वर्षी फेसात उभं राहायला शिकली. आता न फुटलेली लाट स्वतःची स्वतः पकडते, डावीउजवीकडे वळते. पोहणं चांगलं आहे. दिवाळी आणि नाताळात चार-चार दिवस कोकण नाहीतर गोवा. सगळं धरून वर्षाला पंचवीसेक दिवस पाण्यात जात असेल.

आता तिला स्वतःचा बोर्ड हवाय. आजवर सर्फिंग स्कूलचा ८ फुटी मऊ बोर्ड वापरला. बाईंच्या डोक्यात मात्र ५ फूट २ इंचांचा, टोकदार, पांढराशुभ्र, तीन फिनांचा (फिन म्हणजे शेपटीखालचा पंख) बोर्ड बसलाय. सगळी व्हिडिओंची कृपा. ओळखीतल्या एकाकडे अगदी तसाच वापरलेला आहे, २० लिटरचा. नवरा म्हणतो, हौस आहे तर घेऊन टाक. मला मात्र शाळेचा गणवेश घेताना करतो तसं करावंसं वाटतंय, वाढत्या अंगाचा घ्यायचा, म्हणजे दोन-तीन वर्षं बघायला नको. पण बोर्डाच्या बाबतीत हे चालतं का?

लाटा आम्हाला मिळतात त्या गुडघ्यापासून छातीपर्यंत. याहून मोठ्या असल्या तर मीच पाठवत नाही.

सदाशिव_पेठी
खडकवासल्यातून विसर्ग सोडला की भिडे पुलावर या. लाटा मध्यम, प्रवेश मोफत. परतीची सोय थेट उजनीला.

निवांत
सदाशिवराव, हसू नका. जर्मनीत म्युनिक शहराच्या मधोमध आइसबाख नावाच्या कालव्यावर लोक वर्षानुवर्षं सर्फिंग करत आलेत. समुद्र तिथूनही शेकडो किलोमीटर लांब. पाणी वाहतं, लाट जागच्या जागी उभी राहते आणि लोक काठावर रांग लावतात. मी डोळ्यांनी पाहिलंय, बर्फ पडत असताना.

सदाशिव_पेठी
रांग लावतात म्हणजे पुण्यात चालणार नाही.

बटाटेवडा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचतोय.

खारा_वारा
चकलीताई, तुमचा गणवेशाचा विचार निम्मा बरोबर आहे.

आधी लांबी विसरा. बोर्डाच्या तळाशी किंवा मधल्या लाकडी पट्टीजवळ तीन मापं लिहिलेली असतात, लांबी, रुंदी आणि जाडी. हल्ली चौथा आकडाही असतो तो लिटरचा, म्हणजे बोर्ड किती पाणी बाजूला सारतो. तुमच्यासाठी हा चौथा सगळ्यात महत्त्वाचा. ढोबळ हिशेब असा, की नवशिक्याला वजनाच्या किलोइतके किंवा त्याहून जास्त लिटर लागतात. स्पर्धेतली मंडळी किलोमागे ०.३५ ते ०.४ लिटरवर भागवतात, पण ती रोज पाण्यात असतात. तुमची लेक मधली. तिला किलोमागे ०.६५ ते ०.८ धरा. ४१ किलोला साधारण २७ ते ३३ लिटर होतात. तो २० लिटरचा बोर्ड म्हणजे ०.४९. रोज सर्फ करणाऱ्या ४१ किलोच्या मुलीला तो छान होईल. वर्षाला पंचवीस दिवस जाणारीला नाही.

आता आकार. लहान लाटेत जोर नसतो, त्यामुळे बोर्डाने स्वतःहून घसरायला हवं. त्यासाठी तो पुढून रुंद हवा आणि खालून सपाट. बाजूने बघितलं की बोर्ड केळ्यासारखा थोडा वाकलेला दिसतो, त्या बाकाला रॉकर म्हणतात. खड्या, पोकळ लाटेत जास्त रॉकर लागतो, नाहीतर नाक पाण्यात घुसतं. पण कमरेएवढ्या मऊ लाटेत तोच रॉकर पाणी ढकलत बसतो आणि बोर्ड थांबतो. व्हिडिओतले टोकदार पांढरे बोर्ड हे रॉकरवाले असतात. इंडोनेशियाच्या लाटेसाठी बनवलेली वस्तू मुलकीच्या मे महिन्यात कशी चालेल?

तुम्हाला बघायचा आहे तो फिश किंवा हायब्रिड या आखूड-रुंद प्रकारातला बोर्ड. लांबी ५ फूट ८ ते ६ फूट, रुंदी २० ते साडेवीस इंच, जाडी अडीचच्या आसपास. दिसायला आखूड, म्हणजे लेक खूश. अंगाने भरलेला, म्हणजे तुम्ही खूश.

हिंजवडी_लाटकर
खारा_वारा यांच्याशी असहमत. मी गोव्यात सहा वर्षं सर्फिंग करतोय. मुलांना जितका लहान बोर्ड लवकर द्याल तितकं चांगलं. मोठ्या बोर्डावर नुसतं उभं राहून सरळ किनाऱ्याला यायची सवय लागते. पाय फाकवून, बूड मागे काढून उभी राहणारी किती माणसं बघतो मी! ती सवय नंतर मोडत नाही. तेरावं वर्ष म्हणजे अंग रबरासारखं. दोन महिने त्रास होईल, मग उडेल ती.

खारा_वारा
लाटकर, "दोन महिने" हेच तर तिच्याकडे नाहीत. वर्षाचे पंचवीस दिवस आहेत, तेही तीन तुकड्यांत. तुम्ही दर शनिवारी उतरता.

बापमाणूस
लाटकर यांचा सल्ला मी चार वर्षांपूर्वी ऐकला होता. (तुमचा नाही, तुमच्यासारख्याच एकाचा.) चिरंजीव तेव्हा १२ वर्षांचे, ३८ किलो. मी हौसेने ४ फूट ११ इंचांचा, १८ लिटरचा बोर्ड घेतला, अगदी देखणा. महाबलीपुरमला गेलो. पहिला दिवस, लाट खालून निघून जाते. दुसरा दिवस, लाट पकडतो आणि उभं राहायच्या आत बोर्ड बुडतो. तिसऱ्या दिवशी मी काठावरून "अरे हात मार, हात मार" असा ओरडतोय आणि बाजूची तिथली पोरं माझ्याकडे बघून हसतायत. चौथ्या दिवशी चिरंजीव वाळूत किल्ला करत बसले. बारा वर्षांचा मुलगा, किल्ला! मी काही बोललो नाही.

तो बोर्ड आता दिवाणखान्यात भिंतीवर आहे. दिवाळीत बायको त्यावर दिव्यांच्या माळा सोडते. फार छान दिसतो. मुलगा हल्ली बॅडमिंटन खेळतो.

फुलराणी
बापमाणूस, "मी काही बोललो नाही" वाचून गलबललं हो.

मालवणी_गजाली
माका सर्फिंगातला काय कळणा नाय, पण दर्याचा कळता. बोर्ड लहान काय मोठो ता मागसून बघा. पयला चेडवाक पाण्याकडे बघूक शिकवा. खंय लाटो फुटतत आणि खंय फुटनत नाय ता. जंय फुटनत नाय थंय पाणी शांत दिसता आणि पुणेकर नेमके थंयच उतरतत. थंयसूनच ओढ भायर जाता. वरसाक एकदा तरी कोणाक तरी आमी भायर काढतव.

आणि जूनपासून दर्यात पाय घालूचो नाय. आमच्यो होडयो १ जूनाक वर येतत, ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. ज्यांचा पोट दर्यार त्येच घराक बसतत, मग तुमका काय घाई?

बटाटेवडा
गजालीकाका, "शांत दिसतं तिथेच पुणेकर उतरतात" याची पाटी करून लावा किनाऱ्यावर. पुणेकर पाटी वाचतोच.

चकलीताई
गजालीकाका, मनापासून धन्यवाद. ओढीचं तिला मुलकीला शिकवलंय: ओढीशी झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर जायचं आणि बोर्ड सोडायचा नाही. तरी हा प्रतिसाद तिला वाचायला लावते.

खारा_वारा, सगळं वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, "फिश बावळट दिसतो". आता बोला.

खारा_वारा
बावळट? मुलीला म्हणावं, ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्सने १९७९ ते १९८२ सलग चार वेळा जगज्जेतेपद मिळवलं ते दोन फिनांच्या, रुंद शेपटीच्या बोर्डांवर. फिश त्याच्याही आधीचा. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिसने तो गुडघ्यांवर बसून लाट घ्यायला बनवला होता, उभ्याने चालवणाऱ्यांनी तो नंतर उचलला. तीन फिनांचा बोर्ड आला १९८० मध्ये, सायमन अँडरसनने आणला. त्याला दोन फिनांचा बोर्ड मोठ्या लाटेत घसरतो म्हणून जमेना, तर त्याने मध्ये तिसरी फिन ठोकली. पुढच्याच वर्षी बेल्स बीचच्या मोठ्या लाटांत तो जिंकला आणि जगाने दोन फिना टाकून दिल्या. म्हणजे तिसरी फिन आली ती दांडग्या लाटेतल्या पकडीसाठी. कमरेएवढ्या लाटेत दोन फिनांवर बोर्ड सुटा पळतो.

तरी नवीन बोर्ड घेतलात तर पाच खाचांचा बघा. दोन, तीन, चार, हव्या तितक्या फिना लावता येतात. सोबत येतात त्या फिना बहुधा मध्यम मापाच्या, पंचाहत्तर किलोच्या बाप्यासाठी. ४१ किलोच्या पोरीला त्या जड जातात, बोर्ड वळायलाच मागत नाही आणि मग दोष बोर्डाला. सगळ्यात लहान मापाच्या फिना घ्या.

आकडेमोड
पेशाने भौतिकीचा मास्तर आहे, सर्फिंग शून्य. पण लहान लाटेला मोठा बोर्ड का लागतो, ते कागदावर करून बघितलं.

१ मीटर उंचीची लाट साधारण १.३ मीटर खोलीवर येऊन फुटते. तिथे तिचा वेग सेकंदाला साडेतीन मीटर, म्हणजे ताशी १२-१३ किलोमीटर. हाताने वल्हवणारा माणूस ताशी ५ किलोमीटरच्या आसपास जात असेल. मधली तफावत लाटेच्या उताराने भरून काढायची. उतार खडा असला तर गुरुत्वाकर्षण ते काम झटकन करतं. उतार मंद असला तर वल्हवायचा वेग जास्त हवा आणि बोर्डाचा विरोध कमी. बुडालेला छोटा बोर्ड दोन्हींत मार खातो. लेकीला हे पटेल, तिला नववीत असलंच काहीतरी शिकवतील.

दुसरी गोष्ट. हवामानाच्या ॲपवर नुसती उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंद बघा. हैदराबादची इन्कॉइस संस्था किनाऱ्याकिनाऱ्याचा अंदाज देते, त्यात दोन्ही असतं. १ मीटर उंची आणि ७ सेकंद ही जवळपासच्या वाऱ्याने घुसळलेली लाट. १ मीटर आणि १४ सेकंद ही दक्षिणेकडच्या महासागरातून हजारो किलोमीटर चालत आलेली. उंची तीच, पण दुसरी दर सेकंदाला जवळपास दुप्पट ऊर्जा घेऊन येते आणि किनाऱ्याशी अजून उंच होते. आकडा तोच म्हणून मुलीला पाण्यात सोडलंत आणि सेकंद बघितले नाहीत, तर फसाल.

खारा_वारा
मास्तर, दंडवत. हे मी वीस वर्षांत इतकं सोपं कुणाला सांगू शकलो नाही.

भर घालतो. वेळ पहाटेची धरा. भूगोलातले खारे वारे-मतलई वारे आठवतायत? मतलई वारा रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, सकाळपर्यंत टिकतो. तो लाटेच्या तोंडावर येतो, तिला उभी धरतो, चेहरा काचेसारखा होतो. दहा-अकरानंतर खारा वारा सुरू झाला की त्याच लाटेची खिचडी. तोच बोर्ड सकाळी शहाणा वाटतो आणि दुपारी ठोंब्या.

फुलराणी
आणि तुमचं टोपणनाव नेमकं खारा वारा!

खारा_वारा
नाव घेतलं तेव्हा सर्फिंग येत नव्हतं.

रेझिनराव
बोर्ड आतून कशाचा, यावर कुणी बोललंच नाही. माझा अनुभव लिहितो, म्हणजे चकलीताईंचे पैसे वाचतील.

बोर्डाच्या पोटात दोनपैकी एक फोम असतो. एक पॉलियुरेथेनचा, आणि दुसरा ईपीएस, म्हणजे आपला थर्माकोल, जरा घट्ट. थर्माकोलवाले बोर्ड हलके, जास्त तरंगणारे, लहान लाटेला झकास. वरून इपॉक्सी रेझिनचं कवच. माझा तसा होता. दगडावर आपटून अंगठ्याएवढा खळगा पडला. मी पुण्याचा माणूस, म्हटलं फायबरच्या कामाला भोसरीसारखी जागा नाही. तिथे एकाकडे नेला. बसचे बंपर, टाक्या, कूलरच्या बॉडी, सगळं करतो. म्हणाला, "साहेब, मॅट टाकून रेझिन मारतो, एक तासात या."

तासाभराने गेलो. अंगठ्याएवढ्या खळग्याचं घंगाळं झालं होतं. तो बिचारा डोकं धरून बसलेला. त्याने नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन ओतलं. त्यात स्टायरीन असतं, आणि स्टायरीन थर्माकोलला विरघळवतं. तो ओततोय, खालचा फोम गायब, तो अजून ओततोय. चूक त्याची नाही, मी पोटात काय आहे ते सांगितलंच नव्हतं. मलाच कुठे माहीत होतं?

तेव्हा लक्षात ठेवा, पॉलियुरेथेनला दोन्ही रेझिन चालतात, थर्माकोलला फक्त इपॉक्सी. पोटात काय आहे ते माहीत नसेल तर डोळे मिटून इपॉक्सी. आणि थर्माकोलच्या बोर्डाला चीर गेली तर लगेच पाण्याबाहेर या, तो पाणी पितो. चीर खाली करून दोन-चार दिवस सावलीत वाळवा, मगच बुजवा.

चौथी_सीट
वापरलेला घेणार असाल तर: वरचा भाग अंगठ्याने सगळीकडे दाबून बघा. कुठे फुग्यासारखं वरखाली झालं तर कवच सुटलंय, सोडून द्या. आडवी सुरकुती दिसली तर तो एकदा वाकलाय, पुढच्या वेळी मोडेल. फिनांच्या खाचांभोवती केसासारख्या भेगा असतील तर भाव पाडा. पिवळा पडला असेल तर चालतं, ते नुसतं ऊन.

अनुस्वार
प्रश्न बाळबोध आहे, पण बोर्डावर मेण लावतात म्हणे. साधी मेणबत्ती चालेल का?

खारा_वारा
जुने लोक पॅराफिनच घासायचे. पण नुसती मेणबत्ती कडक असते, पकड धरत नाही. आपल्या कोमट पाण्यासाठी "ट्रॉपिकल" लिहिलेलं मेण येतं ते घ्या. थंड पाण्याचं मेण मे महिन्यात लोण्यासारखं होतं.

चौथी_सीट
आणि बोर्ड बंद गाडीत उन्हात ठेवू नका! मी कर्वे रोडला एप्रिलमध्ये दुपारी दोन तास ठेवला. मेण वितळून मागच्या सीटवर. गाडी वडिलांची. अजून उन्हाळ्यात त्या सीटवर बसलं की नारळाचा वास येतो आणि वडील आरशातून माझ्याकडे बघतात. थर्माकोलवाल्या बोर्डाचं तर उन्हात कवचच सुटतं.

न्यायचं कसं तेही सांगतो. पुढची सीट पूर्ण आडवी केली तर ६ फुटांपर्यंतचा बोर्ड वॅगन-आरच्या पोटात तिरका बसतो. मी ताम्हिणीतून असाच नेतो. ७ फुटी टपावर जातो. मेणाची बाजू खाली, फिना पुढच्या दिशेला, पट्टे घट्ट पण आवळून नाही.

हिंजवडी_लाटकर
ठीक आहे, पंचवीस दिवसांचा मुद्दा मान्य. पण ३३ लिटरचं टोक ओढू नका. इतक्या हलक्या मुलीला जास्त तरंगणारा बोर्ड लाटेखालून दाबून नेता येत नाही. फेस आला की प्रत्येक वेळी मागे फेकली जाईल आणि लाटांपर्यंत पोचेपर्यंत दमेल. ८ फुटी मऊ बोर्डावर हेच होत असणार, विचारा तिला.

चकलीताई
लाटकर, विचारलं. "हो!!!" असं उत्तर आलं, तीन उद्गारचिन्हांसकट. बोर्ड उलटा करून खाली लटकायचं तिला शिकवलंय, पण म्हणते हातातून निसटतो.

आजी मधूनच विचारतायत, एवढ्या पैशांत स्कूटर येईल का.

बापमाणूस
विकत घेण्याआधी भाड्याने घेऊन बघा. तीन मापं, तीन दिवस. मी केलं असतं तर भिंत रिकामी राहिली असती.

फुलराणी
एक सुरक्षेचा मुद्दा. पायाला बांधायची दोरी बोर्डाच्या लांबीएवढी असते ना? बोर्ड रबरासारखा परत अंगावर येतो असं ऐकलंय.

खारा_वारा
बरोबर. दोरी साधारण बोर्डाएवढी, आणि ताणलेली दोरी बोर्ड परत फेकते. वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख) प्रसिद्ध करणाऱ्या जॅक ओनीलचा डावा डोळा १९७१ मध्ये अशाच दोरीच्या झटक्याने गेला, तेव्हा दोऱ्या नवीनच होत्या. पडल्यावर वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरून यायचं, हे तिच्या अंगवळणी पाडा. बोर्डाच्या टोकाला रबरी टोपी मिळते, ती चिकटवा. म्हणूनच मी म्हणेन, पहिला स्वतःचा बोर्ड मऊ आवरणाचा फिश मिळाला तर उत्तम. आकार शहाण्या बोर्डाचा आणि मार गादीचा.

चकलीताई
धागा वर काढतेय. मे संपला, कालच परतलो.

बापमाणूस यांचं ऐकलं. मुलकीला तीन बोर्ड मिळवले. पहिला तिच्या स्वप्नातला ५ फूट २ इंचांचा (तो ओळखीतला, उसना आणला), दुसरा ७ फुटी मऊ, तिसरा ५ फूट १० इंचांचा मऊ आवरणाचा फिश, साडेवीस इंच रुंद, ३१ लिटर. मी सुरूच्या झाडाखाली वही घेऊन बसले. सकाळी साडेसहा ते साडेसात, रोज एक बोर्ड, लाटा कमरेएवढ्या. तिला मोजतेय हे सांगितलं नव्हतं.

पांढरा बोर्ड: तासाभरात तीन लाटांवर सुटली, एकीवर उभी राहिली, ती दोन सेकंद. बाहेर आली ती गप्प. मला बापमाणूस यांचा वाळूचा किल्ला आठवत होता. मीही काही बोलले नाही.

७ फुटी: १४ लाटा. पण परत आल्यावर तक्रार, की बस चालवल्यासारखं वाटतं.

फिश: पहिल्या दिवशी ५. चेहरा पडलेला. पण त्या पाचांतल्या दोनवर ती खालून वळून परत लाटेवर चढली, जे आजवर कधी केलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ११. लाटकर म्हणाले तसं फेसातून दाबून न्यायला अजून जड जातं, पण निसटत नाही. चौथ्या दिवशी लाटा गुडघ्याएवढ्याच होत्या, तर तिने स्वतःहून ७ फुटी मागून घेतला. हे मला फार आवडलं.

आठवड्याच्या शेवटी पांढरा बोर्ड परत एकदा आजमावला. त्या दिवशी छातीएवढ्या लाटा होत्या, सेकंद १३. (मास्तर, बघायला शिकले.) त्यावर मात्र तीन लाटा झक्क घेतल्या. म्हणजे बोर्ड वाईट नव्हता, दिवस चुकीचे होते.

फिश तिथेच घेतला, वापरलेला, चौथी_सीट यांच्या पद्धतीने अंगठ्याने दाबून दाबून. विकणारा वैतागला. फिना लहान मापाच्या बदलल्या. पांढरा बोर्ड परत केला. त्या गृहस्थांनी दोन वर्षं तो न विकता ठेवायचं कबूल केलंय.

बोर्ड सध्या तिच्या पलंगाखाली आहे, अर्धा फूट बाहेर येतो. रोज कुणीतरी ठेचकाळतं.

हिंजवडी_लाटकर
वहीत मोजणारी आई! दंडवत. ती गुडघ्याएवढ्या लाटेत ७ फुटी मागते म्हणजे तिला कळलंय. माझे मुद्दे मागे.

मालवणी_गजाली
बरा झाला. आता दिवाळीक चेडवाक घेवन येवा देवबागाक. पाण्याकडे बघूक मी शिकवतंय. फी एक डबो चकली.

बापमाणूस
चकलीताई, हा धागा चिरंजीवांना वाचायला दिला. आता १६ वर्षांचे, ५८ किलो. परवा म्हणाले, "बाबा, भिंतीवरचा नको, पण तसला रुंद असेल तर परत येईन." २० ते २१ इंच, ४० लिटर बघतोय. कुणाकडे असेल तर सांगा.

अनुस्वार
सगळा धागा वाचून मलाही उत्साह आलाय. वय ४६, वजन ८४, पोहता येतं, कंबर दुखते. मला कुठला?

सदाशिव_पेठी
होडी.

खारा_वारा
अनुस्वार, ९ फुटी मऊ, ८० लिटरच्या वर. पण वेगळा धागा काढा. आणि वजन खरं लिहा, सगळं गणित त्याच्यावर आहे.

अनुस्वार
८९.